जखम तीच, कर वेगळा: सैनिकांच्या डिसॅबिलिटी पेन्शनचा करवाद समजून घेताना

२०२६ च्या अर्थसंकल्पाबरोबर जे वित्त विधेयक मांडलं गेलं, त्यात सैनिकांच्या डिसॅबिलिटी पेन्शनबद्दल एक तरतूद होती. अपंगत्वामुळे ज्यांना सेवेतून बाहेर पडावं लागलं त्यांची पेन्शन करमुक्त. जे अपंगत्व घेऊनही शेवटपर्यंत नोकरीत राहिले आणि मुदत संपल्यावर निवृत्त झाले, त्यांना ही सूट नाही. माजी सैनिकांमध्ये खळबळ माजली. बाकीच्यांना मात्र प्रश्न पडला की यात एवढं काय आहे? पेन्शनवर कर तर सगळेच भरतात. शिवाय आता बारा लाखांपर्यंत करच लागत नाही.

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. उत्तर द्यायचं तर आधी ही पेन्शन कशी बनते ते पाहावं लागेल, मग करसवलतीचा शंभर वर्षांचा इतिहास, आणि मग एका हवालदाराच्या घरातला हिशोब. आकडे थोडे आहेत, पण ते टाळून हा विषय कळणार नाही.

एका पेन्शनचे दोन भाग

डिसॅबिलिटी पेन्शन ही एकच रक्कम दिसते, पण तिचे दोन भाग असतात. पहिला भाग केलेल्या सेवेचा. त्याला सर्व्हिस एलिमेंट म्हणतात. आपण त्याला सेवेचा हिस्सा म्हणू. तो साधारणपणे अखेरच्या वेतनाच्या निम्मा असतो. इथे वेतन म्हणजे मूळ पगार आणि सैनिकी सेवा वेतन मिळून होणारी रक्कम. हे सैनिकी सेवा वेतन सातव्या वेतन आयोगानुसार जवानांना व जेसीओंना (नायब सुभेदार, सुभेदार अशा कनिष्ठ अधिकाऱ्यांना) महिना ५,२०० रुपये आणि अधिकाऱ्यांना १५,५०० रुपये आहे.

दुसरा भाग अपंगत्वाचा. तो शरीराच्या नुकसानीपोटी मिळतो. अपंगत्व शंभर टक्के असेल तर अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के, आणि कमी असेल तर त्या प्रमाणात कमी. मुदत संपवून निवृत्त होणाऱ्याचं अपंगत्व २० टक्क्यांपेक्षा कमी भरलं तर हा हिस्सा मिळतच नाही.

अपंगत्व आहे एवढंही पुरत नाही. ते सेवेमुळे झालेलं किंवा सेवेमुळे बळावलेलं असावं लागतं, आणि हे ठरवतं लष्करी डॉक्टरांचं मेडिकल बोर्ड. फाइलवर ‘सेवेशी संबंध नाही’ असा शेरा पडला तर पुढची दहा वर्षं सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या तारखा करण्यात जाऊ शकतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवू, कारण पुढच्या हिशोबात ती लागेल. डॉक्टरांनी ३० टक्के अपंगत्व लिहिलं तरी पेन्शनसाठी ते ५० टक्के धरलं जातं. ५० ते ७५ असेल तर ७५, आणि त्याहून जास्त असेल तर १००. याला ब्रॉड-बँडिंग म्हणतात. शरीराचं नुकसान एकेका टक्क्याने अचूक मोजता येत नाही, म्हणून शंकेचा फायदा सैनिकाला द्यायचा, हा त्यामागचा विचार. सुरुवातीला हा लाभ फक्त अपंगत्वामुळे बाहेर पडलेल्यांनाच मिळत होता. डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो मुदत संपवून निवृत्त झालेल्यांनाही लागू केला. म्हणजे जखमी होऊन लवकर बाहेर पडलेला आणि जखमी होऊनही राहिलेला यांच्यात भेद करावा का, हा प्रश्न पेन्शनच्या बाबतीत देशाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर एकदा येऊन गेला आहे. आता तोच प्रश्न कराच्या दाराने परत आला.

सूट जुनी, रेषा नवी

जखमी सैनिकाच्या पेन्शनवर कर नको हा विचार स्वातंत्र्याच्याही आधीचा आहे. २१ मार्च १९२२ च्या एका अधिसूचनेपासून ही सूट चालत आली. १९२२ चा आयकर कायदा गेला, १९६१ चा आला, सूट राहिली. २ जुलै २००१ रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने एक सूचना काढून सांगितलं की सेवेचा हिस्सा आणि अपंगत्वाचा हिस्सा, दोन्ही मिळून सगळीच डिसॅबिलिटी पेन्शन करमुक्त आहे.

मग २४ जून २०१९ रोजी त्याच मंडळाचं परिपत्रक क्रमांक १३ आलं. सूट फक्त अपंगत्वामुळे सेवेतून बाहेर काढलेल्यांनाच मिळेल, असं त्यात म्हटलं होतं. नियत वयाला किंवा अन्य कारणाने निवृत्त झालेल्यांना ती मिळणार नव्हती. माजी सैनिक न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने परिस्थिती जैसे थे ठेवायला सांगितलं. तेव्हापासून हा विषय अधांतरी होता. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या आयकर कायद्याने घेतली, आणि परिपत्रकातली ती रेषा थेट कायद्याच्या मजकुरात आणण्याचा प्रस्ताव वित्त विधेयकातून पुढे आला. परिपत्रकाला ‘कायद्यात असं कुठे आहे?’ असं विचारता येतं. रेषा कायद्यातच उमटली की तो युक्तिवाद हातचा जातो. म्हणून ही तरतूद दिसायला छोटी असली तरी तिचं वजन मोठं आहे.

बोर्ड-आउट झालेला आणि मागे राहिलेला

फौजेत ज्याला बोर्ड-आउट म्हणतात, तो मेडिकल बोर्डाने ‘आता हा सेवेला योग्य नाही’ असं ठरवून घरी पाठवलेला सैनिक. प्रत्येक जखमी असा घरी जात नाही. बहुतेकांची मेडिकल कॅटेगरी खाली येते, आणि पलटण त्यांना झेपेल असं काम देते: भांडार, प्रशिक्षण, कार्यालय, नियंत्रण कक्ष. अशा कामाला शेल्टर्ड अपॉइंटमेंट म्हणतात. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रातून पाय बसवून घेऊन पुन्हा वर्दी चढवलेले सैनिक आहेत.

यातलं सर्वांत ठळक नाव मेजर जनरल इयान कार्डोझो यांचं. १९७१ च्या युद्धात त्यांचा पाय सुरुंगावर पडला. निकामी झालेला पाय त्यांनी स्वतःच्याच खुकरीने कापला. त्यानंतर ते घरी बसले नाहीत. कृत्रिम पाय घेऊन बटालियनचं आणि नंतर ब्रिगेडचं नेतृत्व करणारे ते भारतीय लष्करातले पहिले अपंग अधिकारी ठरले. फौज त्यांचं उदाहरण नव्या अधिकाऱ्यांना अभिमानाने देते. आता नवी रेषा त्यांच्यासारख्या अधिकाऱ्यावर लावून पाहा. पाय रणांगणावर गेला, यात वाद नाही. पण माणूस नोकरीत राहिला, म्हणून त्याची गणना नियमित निवृत्तांमध्ये.

समजा एका बस अपघातात दोन प्रवाशांचा एकेक पाय गेला. एकाने नोकरी सोडली, दुसरा कुबडी घेऊन कामावर हजर झाला. भरपाई ठरवताना दुसऱ्याला कोणी म्हणालं, ‘तुम्ही कामावर जाताय ना, मग तुमच्या पायाच्या पैशावर कर लागेल,’ तर ते आपल्याला पटेल का? पाय दोघांचाही गेला. कामावर जाण्याची कमाई वेगळी, आणि तिच्यावरचा कर तो भरतोच आहे.

इथे दुसरी बाजूही नीट मांडली पाहिजे. बोर्ड-आउट झालेल्या जवानाची नोकरी मध्येच तुटते, बढत्या थांबतात, तरुण वयात तो पेन्शनवर येतो. त्याचं नुकसान मोठं आहे आणि त्याला जास्त मिळायला हवं, हे खरंच. पण ते जास्तीचं माप पेन्शनच्या नियमांत आधीच आहे. युद्धातल्या जखमेसाठी मिळणारा हिस्सा शंभर टक्के अपंगत्वाला बोर्ड-आउट सैनिकाला अखेरच्या वेतनाएवढा मिळतो, आणि शेवटपर्यंत राहिलेल्याला त्याच्या ६० टक्के. म्हणजे राहिलेल्याला कमी देण्याचं काम पेन्शनच्या पातळीवर एकदा झालेलं आहे. त्याच फरकासाठी पुन्हा कर लावला, तर एकाच कारणासाठी दोनदा वजावट होते.

‘बारा लाखांपर्यंत कर नाही, मग ओरड कशाची?’

हा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो, आणि तो निम्मा बरोबर आहे. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर शून्य होतो. पगारदार आणि पेन्शनरांना ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट धरून १२ लाख ७५ हजारांपर्यंत. ज्या जवानाच्या घरी फक्त पेन्शन येते, त्याला सूट गेली तरी एक रुपयाही कर पडणार नाही. हे मोकळेपणाने सांगायला हवं, कारण अर्धवट माहितीमुळे कितीतरी वृद्ध पेन्शनर विनाकारण घाबरले आहेत.

पण जवान पेन्शनवर येतो तो चाळिशीच्या आसपास, साठीला नाही. मुलं शाळा-कॉलेजात असतात, घराचा हप्ता चालू असतो, म्हणून तो दुसरी नोकरी धरतो: बँकेत, राज्य सरकारात, एखाद्या कारखान्याच्या सुरक्षा विभागात. तिथला पगार आणि पेन्शन एकत्र मोजले जातात आणि खरं गणित तिथेच बिघडतं.

गोल आकडे घेऊ. हवालदाराचं अखेरचं वेतन ५०,०००. सेवेचा हिस्सा २५,०००. अपंगत्व ३० टक्के, म्हणजे पेन्शनसाठी ५०. त्याचा हिस्सा वेतनाच्या १५ टक्के, ७,५००. दोन्हीवर महागाई सवलत सोयीसाठी ५० टक्के धरू. सेवेचा हिस्सा झाला ३७,५०० आणि अपंगत्वाचा ११,२५०. वर्षाला अनुक्रमे ४,५०,००० आणि १,३५,०००. दुसऱ्या नोकरीचा पगार महिना ६५,०००, वर्षाला ७,८०,०००.

सगळी डिसॅबिलिटी पेन्शन करमुक्त असेल तर करपात्र उरतो फक्त पगार. कर शून्य.

सगळी पेन्शन करपात्र धरली तर एकूण १३,६५,०००. त्यातून ७५,००० वजा जाता १२,९०,०००. आता बारा लाखांचं कवच फुटलं, आणि कर लागतो तो वरच्या ९०,००० वर नाही, तर चार लाखांपासून पुढच्या सगळ्या टप्प्यांवर. चार ते आठ लाखांचे २०,०००, आठ ते बारा लाखांचे ४०,०००, वरच्या ९०,००० वर १५ टक्क्यांनी १३,५००. बेरीज ७३,५००, चार टक्के उपकर धरून ७६,४४०. महिन्याला ६,३७०.

आता तिसरी शक्यता पाहा. सेवेचा हिस्सा करपात्र, पण अपंगत्वाचा हिस्सा करमुक्त. मग करपात्र उत्पन्न ११,५५,००० भरतं. बारा लाखांच्या आत. कर पुन्हा शून्य!

म्हणजे या घराला ७६,४४० रुपयांचा जो कर लागला तो आणला १,३५,००० रुपयांच्या अपंगत्वाच्या हिश्श्याने. शरीराच्या नुकसानीपोटी सरकार वर्षाला जेवढं देतं, त्यातलं निम्म्याहून जास्त करात परत जातं. पगार थोडा कमी असता तर काहीच लागलं नसतं; म्हणून सरासरी आकड्यांत हे घर दिसत नाही. बारा लाखांच्या उंबरठ्यावर उभी असलेली घरं नेमकी तीच, जिथे माजी सैनिकाने धडपड करून दुसरी नोकरी मिळवली आहे, किंवा घराच्या भाड्याचं थोडं उत्पन्न उभं केलं आहे.

अधिकाऱ्यांचं गणित सोपं आहे. ज्याचं उत्पन्न नव्या प्रणालीत २४ लाखांच्या वर जातं, त्याच्या अपंगत्वाच्या हिश्श्यातल्या दर शंभर रुपयांमागे उपकरासह ३१ रुपये २० पैसे जातील.

‘अपंग नागरिकांना आयकरात वेगळी वजावट आहेच की,’ असंही सांगितलं जातं. आहे, ४० टक्के अपंगत्वाला ७५,००० आणि तीव्र अपंगत्वाला १,२५,०००. पण ती फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. आणि तिथे डॉक्टरांनी लिहिलेली खरी टक्केवारी लागते, गोल करून वाढवलेली चालत नाही. आपला ३० टक्केवाला हवालदार तिथे दारातूनच परत येतो.

‘रक्तदाब आणि मधुमेहालाही डिसॅबिलिटी मिळते म्हणे’

मिळते, आणि हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जवानांच्या तुलनेत अधिकाऱ्यांमध्ये डिसॅबिलिटी पेन्शन घेऊन निवृत्त होणाऱ्यांचं प्रमाण बरंच जास्त आहे आणि त्यात जीवनशैलीशी जोडल्या जाणाऱ्या आजारांचा वाटा मोठा आहे, याकडे महालेखापरीक्षकांनी लक्ष वेधलं आहे. २०१९ च्या वादात खुद्द लष्कराकडूनही असंच सांगण्यात आलं होतं की पेन्शनचे वाढीव लाभ आणि करमाफी यांमुळे अशा आजारांसाठीही अपंगत्व मागणाऱ्यांची संख्या वाढली.

गैरफायदा घेणारे असतील तर त्यांना अडवलंच पाहिजे. तो सैनिकांचाच पैसा आहे, आणि खोट्या दाव्यामुळे खऱ्या जखमीकडेही लोक संशयाने पाहू लागतात. फक्त त्यांना कुठे अडवायचं, हा मुद्दा आहे. आजार खरा की खोटा, सेवेमुळे की सवयींमुळे, हे मेडिकल बोर्ड ठरवतं. तिथली तपासणी कडक करता येते, आणि झालीही आहे: २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले. त्यात शेवटपर्यंत सेवेत राहिलेल्यांना मिळणाऱ्या रकमेला ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असं वेगळं नावही देण्यात आलं.

कराच्या रेषेला मात्र आजार ओळखता येत नाही. ती फक्त एवढंच पाहते की माणूस कसा बाहेर पडला. ऑफिसात बसून रक्तदाब वाढलेला आणि काश्मीरमध्ये छर्रे लागून आतडं कापावं लागलेला, दोघंही मुदत संपवून निवृत्त झाले तर दोघंही एका रांगेत. गैरफायदा घेणाऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून टाकलेलं जाळं छर्रेवाल्यालाही पकडतं, हे मला कोणत्याही बाजूने योग्य वाटत नाही.

आणि रक्तदाबाच्या बाबतीतही सरसकट बोलू नये. भरती होताना तरुण ठणठणीत असतो, वैद्यकीय चाचणीतून पार झालेला असतो. पुढे आजार जडला आणि भरतीच्या वेळी त्याची नोंद नव्हती, तर तो सेवेमुळेच झाला असं मानावं. तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात हेच सांगितलं. वर्षानुवर्षं अपुरी झोप, दक्षतेचा ताण आणि घरापासून दूर राहणं यांचा शरीरावर परिणाम होतो, हे समजायला डॉक्टर असण्याची गरज नाही.

‘कायद्याला सगळ्यांसाठी एकच निकष हवा’

हवाच. मग कायद्यात बाकी ठिकाणी काय निकष आहे ते पाहू. परमवीर चक्र, महावीर चक्र किंवा वीर चक्र मिळालेल्या सैनिकाची पेन्शन करमुक्त असते. तो पुढे वीस वर्षं नोकरीत राहून थाटात निवृत्त झाला तरीही. मोहिमेवर मृत्यू आलेल्या सैनिकाच्या पत्नीला आणि मुलांना मिळणारी कुटुंब पेन्शन करमुक्त असते. दोन्ही ठिकाणी कायदा विचारतो की काय घडलं आणि कशामुळे घडलं. नोकरी कधी आणि कशी संपली हे विचारत नाही. तोच निकष जखमेला लावायला हरकत काय?

माझं स्वतःचं मत सांगतो. पूर्ण सेवा केलेल्या सैनिकाचा सेवेचा हिस्सा करपात्र असावा की नसावा, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. ती रक्कम त्याच्या धडधाकट सहकाऱ्यालाही मिळते आणि तो तिच्यावर कर भरतो. पण अपंगत्वाचा हिस्सा ही कमाईच नाही. ती गमावलेल्या गोष्टीची भरपाई आहे, आणि ती कोणाच्याही बाबतीत करमुक्तच राहायला हवी. वरच्या उदाहरणातली तिसरी शक्यता म्हणजे हाच तोडगा. त्यात सरकारचाही महसूल पूर्ण बुडत नाही.

भत्त्यांकडेही एकदा पाहा

सैनिकांच्या करसवलती कागदावर असतात पण खिशापर्यंत पोचत नाहीत, ही तक्रार जुनी आहे. सियाचिनचंच घ्या. २०१७ मध्ये तिथला भत्ता जवान व जेसीओंना महिना ३०,००० आणि अधिकाऱ्यांना ४२,५०० करण्यात आला. १९६२ च्या आयकर नियमांत सियाचिनसाठी करमुक्त रक्कम होती महिना ७,०००. अति-सक्रिय क्षेत्राच्या भत्त्यातले ४,२०० करमुक्त, घुसखोरीविरोधी मोहिमेच्या भत्त्यातले ३,९००. १५,००० फुटांवरच्या उंचीसाठी १,६००. मुलाच्या शिक्षणासाठी महिना १०० रुपये आणि वसतिगृहासाठी ३००. भत्ते वेतन आयोगागणिक वाढत गेले, करसवलतीचे आकडे वर्षानुवर्षं जागचे हलले नाहीत.

त्यातही या सवलती जुन्या करप्रणालीतल्या. २०२० मध्ये नवी प्रणाली आली आणि २०२३-२४ पासून तीच मूळ प्रणाली झाली. तिच्यात यातलं जवळजवळ काहीच चालत नाही. कमी दर हवे असतील तर सूट सोडा, असा तो सौदा आहे. बहुतेक जवानांना तो फायद्याचाच पडतो, हेही खरं. मात्र सीमेवरचा भत्ता आणि शहरातला भत्ता यांच्यात कर पूर्वी जो थोडाफार फरक करत होता, तो त्यात पुसला गेला.

मनोबलाचा हिशोब कसा करायचा

‘सैनिक काय कराकडे बघून लढतो का?’ असं म्हणणारे पुष्कळ. नाही लढत. पण कराचा नियम बदलला की तीन ठिकाणी त्याचे निर्णय बदलू शकतात, आणि तिन्ही निर्णय फौजेच्या कामाचे आहेत.

पहिला, जखमी झाल्यावर राहायचं की जायचं. पंधरा वर्षांचा अनुभव असलेला सुभेदार एक हात अधू झाला तरी नव्या पोरांना जे शिकवू शकतो, ते पुस्तकात नसतं. फौजेला तो हवा असतो. त्याच्या घरात मात्र आता चर्चा होईल की बोर्ड-आउट झालो तर पेन्शन करमुक्त, राहिलो तर करपात्र. लवकर गेलेल्याला बक्षीस आणि राहिलेल्याला दंड असा संदेश कोणत्याही संस्थेने आपल्या अनुभवी माणसांना देऊ नये.

दुसरा निर्णय अधिक सूक्ष्म आहे. राहण्याचा निर्णय २००५ मध्ये किंवा २०१० मध्ये घेतलेल्या माणसासमोर तेव्हा २००१ ची सूचना होती: सगळी पेन्शन करमुक्त. त्या भरवशावर त्याने आयुष्य आखलं, कर्ज काढलं, मुलीला बाहेरगावी शिकायला पाठवलं. निवृत्तीनंतर नियम बदलला तर त्याला मागे जाऊन निर्णय बदलता येत नाही. यात रुपयांपेक्षा जास्त जिव्हारी लागते ती ही भावना, की आपण शब्द पाळला आणि समोरच्याने अटी बदलल्या. पलटणीत अशी गोष्ट एका माणसापुरती राहत नाही. निवृत्त नाईकाची पोरं, पुतणे, गावातली भरतीची तयारी करणारी मुलं हे सगळं ऐकत असतात. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात, जिथे पिढ्यान्‌पिढ्या घराघरातून फौजेत जातात, तिथे भरतीची खरी जाहिरात घरातला निवृत्त माणूसच करत असतो.

तिसरा निर्णय घरच्यांचा. दर दोन-तीन वर्षांनी होणाऱ्या बदल्यांमुळे सैनिकाच्या पत्नीची नोकरी टिकत नाही. पुष्कळदा सुरूच होत नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर दोन पगारांचं घर क्वचितच असतं. जखमी माणसाच्या औषधोपचाराचा काही भाग माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून भागतो. पण त्याला घेऊन शहरात जाणं, सोबत कोणीतरी राहणं, घरात चढायला-उतरायला सोय करून घेणं, हा खर्च कोणत्याही बिलात दिसत नाही. महिन्याचे ६,३७० रुपये अशाच घरातून जाणार आहेत. त्या घरातल्या बाईला वित्त विधेयकाचं कलम कळायची गरज पडत नाही. महिनाअखेरीला हिशोब जुळत नाही तेव्हा तिला ते बरोबर कळतं.

घरी आत्ता काय तपासावं

पहिली गोष्ट पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश. त्यात सेवेचा आणि अपंगत्वाचा हिस्सा वेगवेगळे दाखवले आहेत का, आणि सेवेतून बाहेर पडण्याचं कारण काय लिहिलं आहे, हे शब्दशः वाचा. पुढचा सगळा कर त्या एका ओळीवर ठरतो. ती चुकीची असेल तर दुरुस्तीचा अर्ज आता करा, करविभागाची नोटीस आल्यावर नाही. बोर्ड-आउट झालेल्यांनीही हे गृहीत धरू नये. जुन्या पीपीओंत नुसतं ‘पेन्शन’ एवढंच लिहिलेलं सापडतं.

दुसरी गोष्ट, ‘स्पर्श’ या पेन्शन प्रणालीवरची महिन्याची स्लिप आणि वर्षाचा करकपातीचा दाखला. कर कापला गेला आहे का, आणि कोणत्या रकमेवर कापला, ते बघा. आधीच्या वर्षात कर कापला गेला नव्हता म्हणून याही वर्षी कापणार नाहीत असं समजू नका. दुसरी नोकरी करत असाल तर मालकाला पेन्शनची माहिती द्या. दोन ठिकाणी वेगवेगळा कर कापला गेला आणि दोघांनीही ७५,००० ची वजावट धरली, तर विवरणपत्र भरताना एकदम मोठी रक्कम अंगावर येते. ही वजावट पगार आणि पेन्शन मिळून एकदाच मिळते.

विवरणपत्र भरण्याआधी वित्त कायद्याचा मंजूर झालेला मजकूर आणि न्यायालयाचा ताजा आदेश, दोन्ही बघूनच करसवलतीचा दावा करा. विधेयकातला प्रस्ताव आणि मंजूर कायदा यांत फरक असू शकतो, आणि ओळखीच्याने पाठवलेला संदेश हा कायदा नसतो. शंका असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पीपीओची प्रत घेऊन जा. तिथे रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करायला मदत मिळते.

मेडिकल बोर्डाची कागदपत्रं, रुग्णालयाचे डिस्चार्ज स्लिप, जखम झाली त्या वेळचा अहवाल यांच्या दोन प्रती करून एक संच पत्नीकडे किंवा मुलांकडे द्या. कुटुंब पेन्शनची वेळ येते तेव्हा मृत्यूचा सेवेशी किंवा मोहिमेशी संबंध दाखवावा लागतो, आणि तो त्या जुन्या कागदांवरूनच दाखवता येतो. मोहिमेवरच्या मृत्यूची कुटुंब पेन्शन करमुक्त आहे. बाकी कुटुंब पेन्शनवर नव्या प्रणालीत एक तृतीयांश किंवा २५,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढीच वजावट मिळते.